सीताफळाच्या पेशीपासून कर्करोगाच्या पेशीपर्यंत

रावेर, यावल, चोपडा भागातील केळी उत्पादकाला 'टिश्यू कल्चर' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कंद लावण्याऐवजी प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे आणायची, एकसारखी बाग उभी करायची आणि घड एकाच सुमारास कापणीला आणायचे, हा व्यवहार जळगाव जिल्ह्याने कधीच आत्मसात केला आहे. वनस्पतीच्या शरीरातील ऊतीचा बारीकसा तुकडा काढून काचेच्या बाटलीत पोषक द्रव्यावर वाढविणे म्हणजे ऊती संवर्धन. प्राण्यांच्या आणि माणसाच्या पेशी याच तत्त्वावर शरीराबाहेर जिवंत ठेवणारी भारतातील पहिली प्रयोगशाळा मुंबईत परळला उभी राहिली आणि ती उभारली एका मराठी स्त्रीने, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. कमल रणदिवे हे तिचे नाव. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्यांच्या जन्मदिनी गुगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांनी ते नाव प्रथमच ऐकले.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. घरातील मुलींनीही मुलांइतकेच शिकले पाहिजे, याविषयी ते आग्रही होते. कमल यांचे शालेय शिक्षण हुजूरपागेत झाले. बुद्धी तल्लख, निरीक्षण बारीक. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी नाकारल्या. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी पदवी मिळविली आणि १३ मे १९३९ रोजी गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह केला. पुढील अभ्यासासाठी पेशीविज्ञान हा विषय मात्र वडिलांनीच सुचविला होता आणि तो पूर्ण करताना पतीची भक्कम साथ मिळाली. डॉक्टर न होताही त्यांनी वैद्यकशास्त्राची जी सेवा केली, ती पाहता वडिलांची इच्छा वेगळ्या वाटेने पुरी झाली, असेच म्हणावे लागेल.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी एम. एस्सी.साठी निवडलेला विषय सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा होता. सातपुड्याच्या आणि अजिंठ्याच्या डोंगरउतारांवर कोणीही न लावता उगवणारे, दिवाळीच्या सुमारास टोपल्या भरून बाजारात येणारे सीताफळ खानदेशला नवे नाही. या झाडाच्या वाढत्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर विभाजन पावणाऱ्या पेशींच्या केंद्रकात धाग्यांसारखी गुणसूत्रे दिसतात. सीताफळात त्यांची संख्या १४ असते, रामफळातही १४. आनुवंशिक गुण या गुणसूत्रांमधून पुढच्या पिढीकडे जातात. त्यांची संख्या आणि रचना पाहून कोणत्या जाती एकमेकींच्या जवळच्या आणि कोणत्या दूरच्या, हे ठरविता येते.

हा अभ्यास वरवर पुस्तकी वाटला, तरी शेतीशी त्याचे नाते थेट असते. खानदेशची दोन्ही मुख्य पिके त्याची साक्ष देतात. देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कापसात ५२. त्यामुळे दोन्हींचा संकर सहजासहजी जमत नाही. बागायतीच्या केळीत ११ गुणसूत्रांचे तीन संच, म्हणजे एकूण ३३ गुणसूत्रे असतात. तीन संचांची जोड्याजोड्यांनी समान वाटणी होत नाही, म्हणून या केळीत बी धरत नाही आणि तिची लागवड कंदाने किंवा ऊती संवर्धित रोपाने करावी लागते. शेतकऱ्याच्या हातातील फळात बी का नाही, याचे उत्तर डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात असते. अशी उत्तरे शोधण्याची सवय कमल रणदिवे यांना सीताफळाने लावली. १९४३ मध्ये त्यांना एम. एस्सी. पदवी मिळाली.

विवाहानंतर त्या मुंबईत आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. १९४१ मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय कर्करोगाच्या उपचारांसाठी होते आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा भारतातील विकृतिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. वनस्पतीच्या पेशीकडून प्राण्याच्या पेशीकडे जाण्याचा हा टप्पा कमल रणदिवे यांच्या आयुष्याला वळण देणारा ठरला.

या दोन पेशींमध्ये साम्य किती आणि भेद किती? १८३८ मध्ये श्लायडेन या जर्मन शास्त्रज्ञाने वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात, असे मांडले आणि पुढच्याच वर्षी श्वान याने प्राण्यांच्या बाबतीत तोच सिद्धांत मांडला. दोन्ही पेशींना पातळ पटल असते, आत पेशीद्रव्य असते, सूत्रे हलविणारे केंद्रक असते आणि अन्नापासून ऊर्जा मोकळी करणाऱ्या तंतुकणिका असतात. मात्र वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर सेल्युलोजची ताठ भिंत असते, पाण्याने भरलेली मोठी रिक्तिका असते आणि हिरव्या भागांत सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारी हरितलवके असतात. भिंतीमुळे ती पेशी जागची हलत नाही. प्राण्याच्या पेशीला भिंत नसते. ती आकार बदलू शकते, काही पेशी सरकतात, रक्तातून प्रवासही करतात. प्राण्याच्या शरीराला चापल्य यामुळेच मिळते. पण बिघडलेली पेशी एका अवयवातून दुसऱ्यात जाऊन पोहोचते, तीही यामुळेच. झाडांनाही गाठी येतात, परंतु भिंतींनी जखडलेल्या त्या पेशी झाडभर पसरत नाहीत. कर्करोगाची भीषणता पसरण्यात आहे.

डॉ. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांवर सुरू केला. उंदरांच्या काही वाणांत हा रोग वारंवार आढळतो, काहींत क्वचित. असे चार वाण घेऊन त्यांनी रोगी उंदरांच्या गाठींऐवजी आधी निरोगी स्तनग्रंथींची रचना तपासली. रोग होण्यापूर्वीच या ग्रंथींत काही फरक असतो का, हा प्रश्न होता. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते, की उंदरांच्या पिलांना हा रोग आईच्या दुधावाटेही मिळू शकतो. दुधातील तो घटक विषाणू असल्याचे पुढे स्पष्ट झाले. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उलगडण्याचे काम कमल रणदिवे यांनी पुढे अनेक वर्षे केले. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. पदवी दिली. बिघाड कळण्यासाठी आधी घडण कळली पाहिजे, ही त्यांची पद्धत येथेच पक्की झाली.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढविण्यात गाय यांचा हातखंडा होता. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून १९५१ मध्ये घेतलेल्या पेशी याच प्रयोगशाळेत वाढल्या आणि 'हेला' या नावाने जगभर पोहोचल्या. तिची संमती न घेता त्या वापरल्या गेल्या, ही या इतिहासाची दुखरी बाजू आहे. हे तंत्र शिकून कमल रणदिवे मायदेशी परतल्या. १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची स्थापना झाली होती. तेथे त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊती संवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली.

त्या काळात हे काम किती किचकट होते, याची कल्पना आज येणार नाही. शरीरातून काढलेल्या पेशीला शरीराचाच आभास द्यावा लागतो. तापमान ३७ अंश सेल्सिअस, क्षारांचे आणि आम्लतेचे प्रमाण रक्तासारखे, सोबत ग्लुकोज, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे आणि रक्तद्रव. हवेतील एक जिवाणू शिरला तरी साऱ्या बाटल्या वाया जातात. अन्नद्रव्य ठरल्या दिवशी बदलावे लागते; सुटीचा दिवस असो वा सण, पेशी थांबत नाहीत. संवर्धनाची द्रव्ये परदेशातून मागवीत राहण्यापेक्षा ती येथेच बनवावीत, असे कमल रणदिवे यांनी ठरविले आणि १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनविलीही. परावलंबन टळले आणि तरुण संशोधकांची एक पिढी घडली.

बाटलीतील पेशींनी त्यांना काय दाखविले असेल, हे केळीच्या रोपाशी तुलना केली की ध्यानात येते. केळीच्या कोंबातील ऊतीपासून अखंड झाड तयार होते, कारण वनस्पतीच्या पेशीत संपूर्ण झाड पुन्हा घडविण्याची क्षमता शिल्लक राहते. माणसाच्या त्वचेची पेशी बाटलीत वाढली, तरी तिच्यापासून आपोआप माणूस घडत नाही. ती विभाजित होते, शेजारच्या पेशीला भिडली की थांबते आणि सुमारे ५० वेळा विभाजन झाल्यावर कायमची विसावते. कर्करोगाची पेशी हे दोन्ही नियम मोडते. ती शेजाऱ्याला जुमानत नाही आणि थकतही नाही. थांबणे हेही निरोगी पेशीचे कार्यच आहे, हे सत्य बाटलीत उघड दिसते.

कुष्ठरोगाच्या संशोधनातही हे कौशल्य उपयोगी पडले. कुष्ठरोगाचे जंतू माणसाच्या पेशींच्या आत, विशेषतः मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत दडून राहतात. त्या पेशींना प्राणिपेशीचा सिद्धांत मांडणाऱ्या श्वान यांचेच नाव आहे. हे जंतू कृत्रिम माध्यमावर वाढत नाहीत, ही संशोधकांची मोठी अडचण. डॉ. सी. व्ही. बापट, कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी रुग्णाच्या ऊतीतून वेगळा केलेला एक जंतू १९५८ मध्ये वाढवून दाखविला. तो प्रत्यक्ष कुष्ठरोगाचा जंतू नव्हता, त्याच्या जवळच्या गटातील होता. तरीही शरीराची प्रतिकारशक्ती जागविण्यास तो उपयुक्त ठरला. पुढे त्यावरून लस तयार झाली आणि दक्षिण भारतातील तुलनात्मक चाचणीच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिचा संरक्षक गुण दिसून आला.

तंबाखू आणि सुपारी यांवरील त्यांचे काम तर घराघराशी निगडित आहे. या दोन्हींच्या अर्काचा उंदरांवर आणि हॅमस्टरच्या गालाच्या आतील अस्तरावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग त्यांनी सहकाऱ्यांसह केले आणि १९७६ मध्ये ते आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सुपारी निरुपद्रवी असते, हा समज आजही गावोगावी ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या यादीत स्थान दिले. त्यापूर्वी कितीतरी वर्षे परळच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न हाती घेतला गेला होता.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी संशोधन केंद्राच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. पेशीविज्ञान, प्रतिकारशास्त्र आणि कर्करोगाची कारणमीमांसा यांचे नवे विभाग त्यांनी सुरू केले. त्यांच्या नावावर २०० हून अधिक शोधनिबंध आहेत. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण किताब मिळाला. परंतु स्वतःला मिळालेली संधी इतर स्त्रियांना सहज मिळत नाही, याची त्यांना जाणीव होती. माहेरी शिक्षणाला प्रोत्साहन, सासरी पतीची साथ आणि संस्थेत खानोलकरांसारखे गुरू असा योग किती जणींच्या वाट्याला येणार? म्हणून १९७३ मध्ये इतर स्त्री वैज्ञानिकांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची स्थापना केली. वाशी येथील या संघटनेने नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले. संशोधक स्त्रीची वाट बहुधा कोठे अडते, हे नेमके ओळखून उचललेले हे पाऊल होते.

निवृत्तीनंतर त्या प्रयोगशाळेबाहेर पडल्या. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात 'सत्यनिकेतन' या संस्थेच्या सहकार्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी केली आणि गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिक्षण देण्याच्या कामात लक्ष घातले. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या व्यक्तीने डोंगराळ पाड्यांत जावे, याचे अनेकांना नवल वाटेल. वास्तविक तो त्याच विचाराचा पुढचा टप्पा होता. पेशी घडते ती प्रथिनांतून, आणि वाढत्या वयात ती मिळाली नाहीत तर कोणतेही औषध ती उणीव पूर्णपणे भरून काढू शकत नाही.

११ एप्रिल २००१ रोजी डॉ. कमल रणदिवे यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेल्या संशोधन केंद्राचा वारसा आज नवी मुंबईत खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था चालवीत आहे. धुळे-जळगावच्या शाळांत विज्ञानाच्या तासाला मुले कांद्याच्या पापुद्र्याची पेशी आणि गालाच्या आतील अस्तराची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी पाहतात, दोन्हींच्या आकृत्या वहीत काढतात आणि नावे देतात. परीक्षेत या आकृत्यांना काही गुण असतात. कमल रणदिवे यांनी त्याच दोन पेशींमधील अंतर चालून जाण्यात अवघे आयुष्य वेचले. सातपुड्याच्या पायथ्याशी सीताफळ खात वाढलेल्या एखाद्या मुलीला त्या वाटेने जावेसे वाटले, तर तिच्यासाठी वाट आधीच मळलेली आहे.