बर्फावरच्या मोटारसायकलचा जनक

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मार्च २०१५ मध्ये नव्या लोकल धावू लागल्या आणि ‘बम्बार्डियर’ हे नाव प्रवाशांच्या तोंडी रुळले. विद्युत यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीचे हे नाव मुळात एका माणसाचे आडनाव होते आणि त्या माणसाने आयुष्यात कधी रेल्वेगाडी बनवली नाही. त्याने बनवली बर्फावरची मोटारसायकल. पुढे चाकांऐवजी दोन स्की, मागे रबरी पट्टा; जणू बर्फात धावणारी तीनचाकीच.

जोझेफ-आर्मां बम्बार्डियर यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ रोजी कॅनडातील क्युबेक प्रांतात वाल्कूर येथे झाला. हिवाळ्यात तिथले ग्रामीण रस्ते बर्फाखाली गडप होत, मोटारी महिनोन्‌महिने बंद पडून राहत आणि घोड्यांच्या घसरगाड्यांवरच सारी भिस्त असे. वडिलांनी दिलेले फोर्डचे जुने इंजिन घसरगाडीवर बसवून, मागे पंखा लावून, पंधरा वर्षांच्या आर्मांने १९२२ च्या अखेरीस ती भावासह गावातून पळवली. उघडा पंखा पाहून धास्तावलेल्या वडिलांनी ती तत्काळ मोडायला लावली. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी गावातच गॅरेज थाटले. उन्हाळ्यात दुरुस्तीची कामे आणि हिवाळ्यात प्रयोग, असा क्रम सुरू झाला.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ अपेंडिक्सच्या विकाराने अत्यवस्थ झाला. रस्ते बंद असल्याने त्याला रुग्णालयात नेता आले नाही आणि तो दगावला. या दुःखातूनच शोध लागला, असे अनेकदा सांगितले जाते. ते पूर्णतः खरे नाही, कारण प्रयोग आधीपासून चालू होते. मात्र पुढच्याच वर्षी दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडणी त्यांना साधली आणि १९३७ मध्ये तिचे पेटंट मिळाले. या यंत्रणेवर चालणाऱ्या सात आणि नंतर बारा आसनी बर्फगाड्यांनी डॉक्टर, टपाल, शाळकरी मुले आणि रुग्ण यांची ने-आण केली.

१९४८ मध्ये क्युबेक सरकारने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ हटवण्याचे धोरण स्वीकारले. गावकऱ्यांची सोय झाली, बम्बार्डियर यांचा धंदा मात्र बसला. जो अडथळा त्यांच्या मुलाच्या जिवावर उठला होता, तो दूर होताच त्यांच्या गाड्यांची गरजच उरेना! त्यांनी दलदलीत आणि जंगलात चालणारी पट्ट्यांची वाहने बनवून कारखाना तगवला.

एक-दोघांसाठीच्या हलक्या गाडीचे जुने स्वप्न लहान इंजिने उपलब्ध झाल्यावर १९५९ मध्ये साकारले. मुलगा जर्मां याने विकसित केलेला सलग रबरी पट्टा तिच्या कामी आला. कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घेणारी म्हणून तिचे नाव ‘स्की-डॉग’ ठरले होते. छपाईतील चुकीने ते ‘स्की-डू’ झाले, अशी आख्यायिका आहे. शिकारी, धर्मोपदेशक यांच्यासाठी योजलेले हे वाहन हौशी मंडळींनीच उचलून धरले. पहिल्या हंगामात २२५ गाड्या खपल्या. चार वर्षांनी हा आकडा आठ हजारांवर गेला.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. कंपनी रेल्वे व्यवसायात उतरली ती त्यांच्या पश्चात. २०२१ मध्ये तो व्यवसाय फ्रान्सच्या आल्स्टॉमकडे गेला. त्यांचे मूळ गॅरेज वाल्कूरच्या संग्रहालयात जतन करण्यात आले आहे.