साखरखेर्ड्याचा विजेता

खामगावहून अकोल्याकडे निघाले की वाटेत बाळापूर लागते. खामगावच्या दक्षिणेला, चिखलीच्याही पलीकडे, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा आहे. एक मन-म्हैस नद्यांच्या संगमावरील किल्ल्याचे गाव, दुसरे बाजारपेठेचे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात अवघ्या चार वर्षांच्या अंतराने या दोन्ही ठिकाणी निर्णायक लढाया झाल्या. दोन्ही लढायांत एकाच साम्राज्याचे सरदार एकमेकांविरुद्ध उभे होते आणि दोन्हींचा विजेता एकच होता. मीर कमरुद्दीन खान, अर्थात निजाम-उल-मुल्क आसफजाह.

कमरुद्दीनचा जन्म ११ ऑगस्ट १६७१ चा. घराणे मध्य आशियातून आलेले, तुराणी. आजोबा आबिद खान औरंगजेबाच्या सेवेत गोवळकोंड्याच्या वेढ्यात १६८७ मध्ये कामी आले. पिता गाजीउद्दीन फिरोजजंग हा दख्खनच्या मोहिमांतील नामांकित सेनापती. रोगराईत दृष्टी गेल्यावरही त्याने सैन्याचे नेतृत्व सोडले नाही. कमरुद्दीनचे तारुण्य औरंगजेबाच्या छावणीतच गेले. बादशहाने त्याला चिनकिलीच खान हा किताब दिला. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या निधनानंतर त्याच्या पुत्रांमध्ये गादीसाठी युद्ध पेटले, तेव्हा या पितापुत्रांनी दूर राहणेच पसंत केले. थांबावे केव्हा आणि घाव घालावा केव्हा, याचे गणित कमरुद्दीनला तरुणपणीच साधले होते.

१७१३ मध्ये फर्रुखसियर बादशहाने त्याला निजाम-उल-मुल्क हा किताब आणि दख्खनची सुभेदारी दिली. परंतु दिल्लीत सय्यद बंधूंचे वर्चस्व वाढले आणि दोनच वर्षांत दख्खन हुसेन अलीकडे गेली. १७१९ मध्ये सय्यदांनी फर्रुखसियरलाच पदच्युत करून ठार केले. त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले. माळव्याच्या सुभेदारीवर गेलेल्या निजामाने आपली वेळ आल्याचे ओळखले. १७२० मध्ये तो नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरला. असीरगड व बऱ्हाणपूर ताब्यात घेऊन त्याने जूनमध्ये दिलावर अली खानाचा पराभव केला.

आता सामना होता हुसेन अलीचा तरुण पुतण्या आलम अली खान याच्याशी. सनदांचा करार सय्यदांशी झालेला असल्याने मराठा फौजा आलम अलीच्या बाजूला होत्या. भर पावसाळ्यात पूर्णा दुथडी भरून वाहत होती. वऱ्हाडच्या काळ्या चिखलात तोफा रुतल्या, धान्य महागले आणि मराठ्यांच्या छाप्यांनी निजामाची छावणी हैराण झाली. तरीही १० ऑगस्टला बाळापूरजवळ झालेल्या लढाईत आलम अली मारला गेला. सय्यदांच्या सत्तेचा अस्त त्यानंतर काही महिन्यांतच झाला.

१७२२ मध्ये निजाम साम्राज्याचा वजीर झाला. परंतु महंमदशहाच्या दरबारातील विलास आणि कारस्थाने यांच्याशी त्याचे जमले नाही. तो दक्षिणेकडे निघताच दरबाराने हैदराबादचा सुभेदार मुबारिझ खान याला दख्खनची सुभेदारी देऊन त्याच्यावर सोडले. हा मुबारिझ पूर्वी निजामाच्याच बाजूने उभा राहिलेला. बादशहाचे फर्मान त्याच्या हाती होते. निजामही स्वतःला बादशहाचा सेवकच म्हणवत होता. या वेळी थोरल्या बाजीरावाचे साहाय्य मात्र निजामाला लाभले. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी साखरखेर्ड्याजवळ मुबारिझ आपल्या दोन पुत्रांसह मारला गेला. निजामाने त्याचे शिर, एका बंडखोराचा बंदोबस्त झाला असे कळवून, बादशहाकडे रवाना केले. अपमान गिळून दरबाराने पुढच्या वर्षी त्याची सुभेदारी मान्य केली आणि आसफजाह हा किताबही दिला. हैदराबादच्या राज्याचा पाया असा बुलडाणा जिल्ह्याच्या मातीत घातला गेला.

या विजयाची खूण निजामाने गावाच्या नावातच ठेवली. साखरखेर्डा हे फत्तेखेर्डा झाले. जुन्या दप्तरांतून आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमधूनही हे नाव आढळते. पुढे, १८२१ साली, भीमा कोरेगावच्या स्तंभाचे काम सुरू झाले. त्यावर इंग्रजांच्या पलटणीतील मृत शिपायांची नावे कोरली गेली. साखरखेर्ड्याच्या बखरी आणि तवारिखांत मात्र सरदारांचीच नावे आहेत. दोन्ही बाजूंनी पडलेल्या प्याद्यांच्या वाट्याला तेवढाही दगड आला नाही.

विजेत्याला पुढे स्वस्थता लाभली असेही नाही. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावाने त्याची कोंडी करून मुंगी-शेवगावचा तह करायला लावला. १७३७ च्या अखेरीस भोपाळला तेच घडले. १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली, तेव्हा वाटाघाटींसाठी वृद्ध निजामच पुढे होता. १७४१ मध्ये त्याला औरंगाबादजवळ शस्त्र उचलावे लागले ते स्वतःचा पुत्र नासिरजंग याच्याविरुद्ध. स्वकीयांशी झालेल्या युद्धातून उभ्या राहिलेल्या सत्तेला स्वकीयांचीच भीती शेवटपर्यंत सुटली नाही. १ जून १७४८ रोजी बऱ्हाणपूर येथे त्याचे निधन झाले. खुलदाबादला त्याची कबर आहे.

वऱ्हाडच्या वाट्याला आली ती दुअंमली. मुलूख निजामाचा आणि वसुलीत नागपूरकर भोसल्यांचाही वाटा, असा दुहेरी भार कुणब्याने १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत सोसला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले आणि खामगावची कापसाची पेठ त्याच काळात भरभराटीला आली. निजामाचा नाममात्र हक्क मात्र विसाव्या शतकातही टिकून राहिला. एका दिवसाच्या लढाईचा परिणाम एवढा दूरवर पोहोचला. विजयाची खूण म्हणून दिलेले नाव मात्र तेवढे टिकले नाही. आज नकाशावर आणि लोकांच्या तोंडी गाव साखरखेर्डाच आहे.