मुरूडचा रघुनाथ आणि मिशनचं कॉलेज : संततिनियमनासाठी प्राध्यापकी सोडणारे र. धों. कर्वे

हर्णे (ता. दापोली) : हर्णे बंदरातून किनाऱ्यानं दक्षिणेला निघालं की थोड्याच वेळात मुरूड लागतं. दुर्गादेवीच्या देवळासाठी आणि समुद्रासाठी लोक इथं येतात. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव म्हणूनही मुरूड सगळ्यांना ठाऊक आहे. पण याच घरातला थोरला मुलगा रघुनाथ गावाच्या गप्पांत फारसा येत नाही. वडिलांना भारतरत्न मिळालं. मुलाच्या वाट्याला कोर्टाचे दंड आले आणि चांगली नोकरी गेली. गुन्हा एकच, नवरा-बायकोनं मुलं किती आणि कधी होऊ द्यायची हे स्वतः ठरवावं, असं त्यांनी उघडपणे सांगितलं. तेही शंभर वर्षांपूर्वी, आणि नोकरी ख्रिस्ती मिशनच्या कॉलेजात असताना.

मुरूडचं घर

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी मुरूडला झाला. १८९१ साली त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्या काळी बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असं म्हणायचे, आणि ते नुसतं बोलायचं म्हणून नव्हतं. एकामागून एक बाळंतपणं, अंगात रक्त नाही, जवळ डॉक्टर नाही. किती तरी घरांत आई अशीच गेली आणि मागे राहिलेली पोरं आजीनं नाहीतर आत्यानं वाढवली.

पुढं १८९३ मध्ये धोंडो केशवांनी एका विधवेशी लग्न केलं. त्या म्हणजे आनंदीबाई, सगळ्यांच्या बाया कर्वे. या लग्नामुळं मुरूड गावानं कर्व्यांना वाळीत टाकलं. समाजाच्या विरोधात पाऊल टाकलं की काय किंमत मोजावी लागते, हे रघुनाथनं अकराव्या-बाराव्या वर्षीच घरात पाहिलं.

मुलगा अभ्यासात हुशार होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसन कॉलेजातून १९०४ मध्ये बी. ए. झाला. विषय गणित, म्हणजे वडिलांचाच. पुढं गणित शिकवणं हाच त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय झाला.

पॅरिस, आणि मग मुंबईतलं केंद्र

गणिताच्या पुढच्या अभ्यासासाठी कर्वे पॅरिसला गेले. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं. युरोपात तेव्हा संततिनियमनावर जोरात वाद चालू होता. युद्धात माणसं गेली म्हणून लोकसंख्या वाढवा, असं सरकारं सांगत होती. फ्रान्सनं तर १९२० साली संततिनियमनाच्या प्रचारावर कायद्यानं बंदीच घातली. दुसऱ्या बाजूला, मूल व्हावं की नको हे बाईला ठरवू द्या, असं म्हणणारेही होते. फ्रेंच उत्तम येत असल्यानं कर्व्यांना हे सगळं मुळातून वाचता येत होतं.

मुंबईला परतल्यावर १९२१ साली त्यांनी संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं. देशातलं असं हे पहिलं केंद्र मानलं जातं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी तिथलं पहिलं केंद्र उघडलं. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या राजधानीत जे काम सुरू झालं, तेच त्याच वर्षी मुरूडच्या माणसानं मुंबईत सुरू केलं. पुढं त्यांनी संततिनियमनाची साधनं आणि त्यामागचा विचार समजावून सांगणारं मराठी पुस्तकही लिहिलं.

या सगळ्यात त्यांना पत्नी मालतीबाईंची साथ होती. दोघांनी मिळून ठरवलं की आपल्याला मूल होऊ द्यायचं नाही, आणि ते आयुष्यभर पाळलं. लोकांना एक सांगायचं आणि घरात दुसरं करायचं, असा हा कारभार नव्हता. मूल नसलेल्या बाईकडं समाज कसा बघतो ते सगळ्यांना माहीत आहे. ते बघणं मालतीबाईंनी जन्मभर सोसलं.

विल्सन कॉलेज आणि हर्ण्याचं नातं

कर्वे त्या वेळी मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. गिरगाव चौपाटीसमोरचं हे कॉलेज स्कॉटलंडच्या ख्रिस्ती मिशनचं. त्याचं नातं थेट आपल्या किनाऱ्याशी आहे. या मिशननं पश्चिम भारतातलं आपलं काम मुंबईत नव्हे, तर १८२३ च्या सुमारास बाणकोट आणि हर्णे भागात सुरू केलं. इथं त्यांनी मराठी शाळा काढल्या. ज्यांच्या नावानं कॉलेज ओळखलं जातं ते जॉन विल्सन १८२९ साली पत्नी मार्गारेटसह भारतात आले, तेव्हा मराठी शिकण्यासाठी आधी हर्ण्यालाच येऊन राहिले. मग मुंबईला जाऊन १८३२ मध्ये त्यांनी जी शाळा काढली, तिचंच पुढं विल्सन कॉलेज झालं.

मुलींना शिकवणं, जात न बघता वर्गात बसवणं यात हे मिशनरी त्या काळच्या आपल्या समाजाच्या पुढं होते, हे मान्य करायला हवं. पण संततिनियमनाचा विषय आला की त्यांचीही गाडी अडायची.

असं का? ख्रिस्ती धर्मात लग्न हे देवानं जोडलेलं पवित्र नातं. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, माणसानं वाढावं आणि पृथ्वी भरून टाकावी असा देवाचा आशीर्वाद आहे. त्याच पुस्तकात ओनान नावाच्या माणसाची गोष्ट येते. मेलेल्या भावाच्या बायकोला मूल होऊ नये म्हणून तो बी वाया घालवतो आणि देव त्याला शिक्षा करतो. जुन्या धर्मगुरूंनी यावरून शिकवण काढली की मूल टाळणं हे पाप. काही ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात, ओनानला शिक्षा झाली ती भावाच्या बायकोला दगा दिला म्हणून, मूल टाळलं म्हणून नव्हे. पण १९२० च्या सुमारास कॅथलिक असोत की प्रोटेस्टंट, बहुतेक चर्चेस साधनं वापरण्याच्या विरोधातच होती. इंग्लंडच्या परंपरेतल्या अँग्लिकन बिशपांच्या लँबेथ परिषदेनं १९०८ मध्ये आणि पुन्हा १९२० मध्ये त्याचा निषेध केला होता.

अशा वेळी मिशनच्या कॉलेजातला प्राध्यापक उघडपणे संततिनियमनाचं केंद्र चालवतो, पुस्तकं लिहितो, शरीरसुखावर जेवढा पुरुषाचा तेवढाच बाईचाही हक्क आहे असं सांगतो, हे चालकांना मानवलं नाही. कर्व्यांपुढं दोन वाटा होत्या. गप्प बसून पगार घ्यायचा, किंवा काम चालू ठेवून कॉलेज सोडायचं. १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या मिशननं हर्ण्यात मराठीची बाराखडी गिरवली, त्याच मिशनच्या कॉलेजातून हर्ण्याशेजारचा हा प्राध्यापक बाहेर पडला.

मासिक आणि खटले

नोकरी गेल्यावर कर्वे गप्प बसतील अशी कुणाची अपेक्षा असेल, तर ती फोल ठरली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढलं. संततिनियमन, गुप्तरोग, नवरा-बायकोचं नातं हे विषय तोपर्यंत कुजबुजत बोलायचे. कर्व्यांनी ते छापून आणले. वाचक पत्रानं प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ, शास्त्राच्या आधारानं उत्तर द्यायचे. उत्तरात लाजही नसायची आणि चटोरपणाही नसायचा.

या वेळी विरोध ख्रिस्ती मिशनऱ्यांचा नव्हता, आपल्याच सनातनी मंडळींचा होता. १९३१ साली एका लेखावरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १०० रुपये दंड बसला. १९३४ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला उभा राहिला. या वेळी त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही, हा मुद्दा बाबासाहेबांनी कोर्टात लढवला. खटला हरला आणि २०० रुपये दंड झाला. पण बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या बाजूनं ठराव आला. तो नामंजूर झाला.

महात्मा गांधींचाही साधनांना विरोध होता. मुलं नको असतील तर संयम पाळा, ब्रह्मचर्य पाळा, अशी त्यांची शिकवण. कर्व्यांना ते पटायचं नाही. सगळ्या संसारी माणसांना साधूचं व्रत सांगून बाईची बाळंतपणं थांबत नाहीत, हा त्यांचा रोखठोक हिशेब होता. मिशनरी, सनातनी आणि गांधीवादी ही तीन टोकं एरवी कधी एकत्र आली नसती. या एका प्रश्नावर तिघांची दिशा एकच झाली, आणि समोर कर्वे.

चर्चमध्ये पुढं काय झालं

कर्व्यांनी विल्सन सोडलं त्याला पाच वर्षं होत नाहीत तोच अँग्लिकन बिशपांचं मत बदललं. १९३० च्या लँबेथ परिषदेत ठरलं की मूल टाळण्यामागं नैतिक जबाबदारीची खरी जाणीव असेल, स्वार्थ किंवा चैन नसेल, तर काही परिस्थितीत नवरा-बायकोनं साधनं वापरायला हरकत नाही. हळूहळू बहुतेक प्रोटेस्टंट पंथ याच वाटेनं गेले.

कॅथलिक चर्चनं मात्र वेगळी भूमिका घेतली. १९३० च्या ३१ डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी पत्रक काढून कृत्रिम साधनांना ठाम नकार दिला. पोप सहावे पॉल यांनी १९६८ मध्ये तोच नकार पुन्हा सांगितला. मात्र मुलांची संख्या जबाबदारीनं ठरवणं कॅथलिक चर्चलाही मान्य आहे. पाळीचे दिवस मोजून, ठरावीक दिवस दूर राहून मूल टाळणं त्याला चालतं. गोळी, निरोध, नसबंदी चालत नाही. आज वसईपासून गोव्यापर्यंत हजारो कॅथलिक घरांत नवरा-बायको याच पेचातून जातात. चर्चची शिकवण एका बाजूला, बाईची तब्येत आणि घरचा खर्च दुसऱ्या बाजूला. शेवटी निर्णय त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर येऊन ठेपतो.

कर्वे स्वतः देव-धर्म मानत नव्हते. पण त्यांनी विचारलेला प्रश्न श्रद्धावान माणसालाही टाळता येत नाही. नियम पाळताना आईचा जीव जात असेल, तर नीती कशात आहे, नियमात की आईच्या जीवात?

शेवट, आणि राहिलेलं काम

‘समाजस्वास्थ्य’ २६ वर्षं चाललं. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले, आणि त्या नोव्हेंबरच्या अंकानंतर मासिकही थांबलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५२ मध्ये, भारत सरकारनं कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. जगात असं करणारा भारत पहिला देश. ज्या कामासाठी एका माणसाची नोकरी गेली, ते काम सरकारनं आपलं म्हणून हाती घेतलं. ते पाहायला कर्वे जेमतेम उरले. वडील महर्षी कर्वे मुलानंतर नऊ वर्षं जगले. अमोल पालेकरांनी रघुनाथरावांच्या आयुष्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट केला, तो २००१ साली.

याच तालुक्यातल्या मुर्डी गावच्या रँग्लर परांजप्यांची मुलगी शकुंतलाबाई परांजपे यांनी संततिनियमनाचं काम पुढं अनेक वर्षं नेटानं केलं. म्हणजे या कामाची दोन मोठी नावं दापोलीच्याच मातीशी जोडलेली आहेत.

आज हर्ण्यातल्या किंवा मुरूडमधल्या बाईला मूल किती हवं हे विचारायला आशाताई दारात येतात. गोळ्या, निरोध, तांबी सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. पण ऑपरेशनची वेळ आली की टेबलावर अजूनही बाईच जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात सुमारे ३८ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं दिसलं, पुरुष नसबंदी अर्ध्या टक्क्याचीही नाही. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, टाका नसलेलं, त्याच दिवशी घरी जाता येणारं, तरीही.

मूल होऊ द्यायचं की नाही हे दोघांनी ठरवायचं, हे कर्व्यांचं म्हणणं आज बहुतेकांना मान्य आहे. त्याचा भारही दोघांनी उचलायचा, हे मात्र मुरूड-हर्ण्यापासून मुंबईपर्यंत अजून घरोघर पोचायचं आहे.