पेशीतील धाग्यांचा वेध घेणारा वाल्टर फ्लेमिंग

फ्लेमिंग म्हटले की आपल्याला पेनिसिलिन आठवते. तो फ्लेमिंग निराळा. आपल्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसलेला हा वाल्टर फ्लेमिंग १८४३ साली उत्तर जर्मनीत जन्मला. वडील मनोरुग्णालयाचे प्रमुख. मुलगाही डॉक्टर झाला, १८७०-७१ च्या युद्धात त्याने लष्करात वैद्यकीय सेवा केली आणि प्रागमध्ये काही वर्षे शिकवून १८७६ मध्ये तो कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक झाला. पुढले सारे आयुष्य तिथेच गेले.

एका पेशीच्या दोन होतात हे तेव्हा माहीत होते. कशा होतात, हे मात्र धूसर होते. पेशीचे अंतरंग काचेसारखे पारदर्शक, त्यात दिसणार काय? फ्लेमिंगने सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याची पिल्ले निवडली, कारण त्यांच्या पेशी चांगल्या मोठ्या असतात. कापडासाठी नुकत्याच निघालेल्या कृत्रिम रंगांत त्या बुडवल्या, तेव्हा केंद्रकातला एक पदार्थ रंग शोषून उठून दिसू लागला. पण रंगवलेली पेशी मेलेली असते. शेकडो पेशींच्या अशा स्थिर चित्रांचा क्रम कसा लावायचा? त्यासाठी जिवंत पिल्लांच्या पेशींकडे तो तासन् तास पाहत बसला. केंद्रकात धागे तयार होतात, आखूड व जाड होतात, मध्यभागी येतात आणि दोन बाजूंना ओढले जातात. मग पेशी मधोमध आवळली जाते. वनस्पतीत आवळण्याऐवजी मध्ये नवी भिंत उभी राहते. तिथे स्ट्रासबुर्गर याच वाटेने चालला होता. फ्लेमिंगची खरी नजर दिसते ती पुढच्या निरीक्षणात: प्रत्येक धागा आडवा तुटत नाही, लांबीने उभा चिरला जातो! १८८२ च्या ग्रंथात त्याने हे सारे मांडले आणि धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून या क्रियेला 'मायटोसिस' हे नाव दिले.

उभेच का चिरावे? त्याचे उत्तर मेंडेलच्या १८६६ च्या निबंधाजवळ होते. तो निबंध ग्रंथालयांत होता, फ्लेमिंगच्या वाचनात आला नाही. मला याची फार चुटपुट वाटते.

फ्लेमिंगने लग्न केले नाही. पगाराचा पाचवा हिस्सा तो बेघरांच्या आश्रयगृहांना देई, गरीब मुलांना गणित शिकवी. १९०० साली मेंडेलचा निबंध पुन्हा उजेडात आला, आणि दोनतीन वर्षांत सटन व बोव्हेरी यांनी आनुवंशिकतेचा संबंध त्या धाग्यांशी, म्हणजे गुणसूत्रांशी जोडला. फ्लेमिंग १९०५ मध्ये कील येथेच वारला.