शाळेने बाजूला सारलेली लिपी पोरांनी लपूनछपून टिकवली, ती ब्रेल

2009 साली आपल्याकडं 2 रुपयांचं एक नाणं निघालं होतं. त्यावर ज्या माणसाचा चेहरा होता तो ना भारतीय होता, ना कधी भारतात आला होता. फ्रान्सच्या एका खेड्यातल्या खोगीरवाल्याचा हा पोरगा. नाव लुई ब्रेल. त्यांच्या 200 व्या जयंतीसाठी भारत सरकारने हे नाणं काढलं होतं.

ब्रेल म्हणजे अंधांची ठिपक्यांची लिपी, एवढं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. पण लिपी तयार झाल्यावर फ्रान्समध्ये तिला अधिकृत मान्यता मिळायला 30 वर्षं लागली, आणि तोवर ती बनवणारा माणूसच जगात राहिला नव्हता. या 30 वर्षांत नेमकं झालं काय?

पॅरिसपासून साधारण 40 किलोमीटरवर कुव्रे नावाचं गाव आहे. 4 जानेवारी 1809 ला लुईचा जन्म तिथं झाला. वडील घोड्यांची खोगीरं, लगाम असलं चामड्याचं सामान बनवायचे. तीन वर्षांचा लुई एकदा त्यांच्या हत्यारांशी खेळत बसला. चामड्याला भोक पाडायची आरी हातातून सटकली आणि थेट डोळ्यात घुसली. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. जखम चिघळली, दुसरा डोळाही गेला. पाच वर्षांचा होईस्तोवर दोन्ही डोळ्यांनी दिसायचं बंद झालं.

घरच्यांनी मात्र त्याला कोपऱ्यात बसवलं नाही. वडिलांनी फळीवर खिळे ठोकून अक्षरं चाचपायला शिकवली, गावच्या शाळेत डोळस पोरांबरोबर बसवलं. पोरगं हुशार निघालं. 1819 मध्ये, दहाव्या वर्षी, त्याला पॅरिसच्या अंधशाळेत प्रवेश मिळाला.

या शाळेत पुस्तकं होती, पण नेहमीचीच अक्षरं कागदावर उठावाने छापलेली. डोळस माणसाला बघायला एकदम छान. बोटाने वाचणाऱ्याला मात्र एकेक अक्षर चाचपत ओळखावं लागायचं, आणि ओळीच्या शेवटापर्यंत जाईस्तोवर सुरुवात विसरायला व्हायची. पुस्तकं बोजड आणि महाग. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे पोरांना त्या पद्धतीने लिहिताच येत नव्हतं. म्हणजे शिकायचं, पण स्वतःचं चार ओळींचं पत्रही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं.

1821 मध्ये शार्ल बार्बिये नावाचा सैन्यातला माजी अधिकारी या शाळेत आपली पद्धत घेऊन आला. अक्षरांऐवजी उठावाचे ठिपके. आयडिया जबरदस्त होती, पण एका खुणेत 12 पर्यंत ठिपके असायचे. ते एका बोटाखाली मावत नव्हते, बोट वरखाली फिरवावं लागायचं. शिवाय खुणा उच्चारांच्या होत्या. शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत, आकडे नाहीत. लुईने बदल सुचवले, पण बार्बियेंना ते पटले नाहीत.

मग या पोराने स्वतःच काम हातात घेतलं. 1824 मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत जवळपास तयार होती. 12 चे 6 ठिपके केले, उभ्या दोन ओळींत तीन-तीन. आता अख्खं अक्षर बोटाच्या एका स्पर्शात कळत होतं. या सहा ठिपक्यांतून 63 वेगवेगळ्या खुणा बनतात. त्यात अक्षरं बसली, आकडे बसले, अगदी संगीतही बसलं. आणि पाटी न् टोच्या घेऊन कोणालाही लिहिता येऊ लागलं. ठिपके कागदाच्या मागच्या बाजूला उठतात, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि वाचताना डावीकडून उजवीकडे.

1829 मध्ये पद्धतीचं पुस्तक आलं, 1837 मध्ये सुधारित आवृत्ती. तोवर ब्रेल त्याच शाळेत शिक्षक झाले होते, पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत होते.

पण 1840 मध्ये शाळेचे संचालक बदलले. नवे संचालक द्युफो यांना ठिपके मान्य नव्हते. अंधांनी डोळसांसारखीच अक्षरं वाचावीत, नाहीतर ते समाजापासून तुटतील, असा हा विचार. वरवर बघता यात चूक वाटत नाही. फक्त तो बोटांना न विचारता, डोळ्यांनी केलेला विचार होता. ब्रेल बाजूला पडलं. पण ज्यांना एकदा स्वतःच्या हाताने लिहिता आलं ती पोरं कशाला ऐकतायत? त्यांनी ते लपूनछपून चालूच ठेवलं.

शेवटी द्युफोंचे सहकारी ग्वादे यांनाच ही पद्धत पटली. 1844 मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनात सगळ्यांसमोर ब्रेलचं प्रात्यक्षिक झालं आणि शाळेतला विरोध मावळला.

ब्रेल मात्र तोवर क्षयाने खंगले होते. मध्येच त्यांनी अंधांना डोळस माणसांना वाचता येईल असं लिहिता यावं म्हणून आणखी एक ठिपक्यांची पद्धत काढली. त्यासाठीचं यंत्र बनवलं पिएर फुको यांनी, तेही अंधच. 6 जानेवारी 1852 ला ब्रेल गेले. 43 वा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले होते. फ्रान्सची अधिकृत मान्यता आली 1854 मध्ये.

आपल्याकडं वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळं ब्रेल चालायचं. 1951 मध्ये सगळ्या भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ठरलं. मराठीही त्यातच लिहितात. गंमत म्हणजे त्यात ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी येते, आपण बोलतो अगदी तशी.

1952 मध्ये, मृत्यूला 100 वर्षं झाल्यावर, फ्रान्सने ब्रेल यांचे अवशेष गावाकडून पॅरिसच्या पँथिऑनमध्ये नेले. कुव्रेच्या लोकांनी हात मात्र दिले नाहीत. ते अजून गावच्या दफनभूमीत, एका कलशात आहेत.