ओटो विख्टर्ले

ओटो विख्टर्ले (२७ ऑक्टोबर, १९१३:प्रोस्त्येयोव, मोराविया – १८ ऑगस्ट, १९९८:स्त्राझिस्को, चेक प्रजासत्ताक) हे चेक रसायनशास्त्रज्ञ होते. ते मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचे जनक मानले जातात. पाणी धरून ठेवणारे, पण पाण्यात न विरघळणारे पॉलिमरचे जाळे म्हणजे हायड्रोजेल. त्याच्या वैद्यकीय वापराचा पाया विख्टर्ले यांच्या संशोधनाने घातला.

जीवन

विख्टर्ले यांचे शिक्षण प्राग येथे झाले. १९३९ मध्ये नाझी राजवटीने चेक विद्यापीठे बंद केल्यावर ते झ्लिन येथील बाटा कारखान्यात संशोधन करू लागले. तेथे १९४१ मध्ये त्यांनी सिलोन हा नायलॉनसारखा धागा तयार केला. १९४२ मध्ये गेस्टापोने त्यांना काही महिने तुरुंगात ठेवले. महायुद्धानंतर ते पुन्हा अध्यापनाकडे वळले. मात्र १९५८ मध्ये राजकीय कारणांवरून त्यांना प्रागच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून काढण्यात आले.

संशोधन

विख्टर्ले व द्राहोस्लाव लीम यांनी हायड्रॉक्सिएथिल मेथाक्रिलेटपासून सुमारे ४० टक्के पाणी सामावणारे पारदर्शक जेल बनवले. १९६० मध्ये ते नेचर या नियतकालिकातून जगापुढे आले. त्यापासून लेन्स घडवणे मात्र अवघड होते, कारण साच्यातून काढताना तिच्या कडा फाटत. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरीच मेर्कुर या खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून यंत्र उभारले. फिरत्या साच्यात द्रव ओतून त्यांनी पहिल्या चार लेन्स तयार केल्या. पुढील चार महिन्यांत त्यांनी पत्नी लिंडा यांच्या मदतीने सुमारे ५,५०० लेन्स बनवल्या.

१९६५ मध्ये या शोधाचे हक्क अमेरिकी कंपनीला विकले गेले आणि १९७१ मध्ये अमेरिकेत या लेन्सच्या विक्रीस परवानगी मिळाली. शोध जगभर पोहोचत असताना शोधक मात्र मायदेशी बाजूला सारला गेला. १९६८ च्या सुधारणावादी जाहीरनाम्यावर सही केल्यामुळे त्यांचे संचालकपद गेले. साम्यवादी राजवट कोसळल्यावर, १९९० मध्ये, ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

वारसा

हायड्रोजेलचा उपयोग पुढे जखमेवरील पट्ट्या आणि शरीरात औषध हळूहळू सोडणारी माध्यमे यांतही होऊ लागला. आपोआप जुळून जाळे बनवणाऱ्या पेप्टाइडच्या जेलवर ऊती-अभियांत्रिकीत संशोधन चालते. महाराष्ट्रात रघुनाथ माशेलकर व सहकाऱ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हायड्रोजेलचा अभ्यास केला. नागपूरच्या धंतोलीसारख्या रुग्णालयांच्या वस्तीत आज सहज मिळणारी मऊ लेन्स हा याच संशोधनाचा वारसा आहे. ३८९९ क्रमांकाच्या लघुग्रहाला विख्टर्ले यांचे नाव देण्यात आले आहे.