सिल्लाचा ह्येचो आणि आपली दख्खन

कोरिया म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं, ते सांगायची गरज नाही. हान नदीवरचे पूल, काचेच्या उंच इमारती, रात्रभर उघडी असणारी छोटी दुकानं, कपातल्या वाफाळत्या नूडल्स, लाल रश्श्यातली तोक्बोकी. मालिका पाहून पाहून हे सगळं तुम्हाला पाठ झालंय. पण यातलं बहुतेक सगळं एकाच शहराचं चित्र आहे, सोलचं. कोणी मरीन ड्राइव्ह पाहून यावं आणि महाराष्ट्र पाहिला म्हणावं, तसं. राजधानीच्या चित्रात आपलं गाव नसतं, हे अमरावती-अकोल्याच्या पोरापोरींना वेगळं शिकवायला नको.

आज ज्याची ओळख करून द्यायची आहे, तो सोलचा नव्हता. त्याच्या काळी सोल राजधानीही नव्हतं. तेराशे वर्षांपूर्वी कोरियाच्या बहुतेक भागावर सिल्ला नावाचं राज्य होतं आणि त्याची राजधानी होती आग्नेयेकडची ग्योंगजू. आज सोलहून वेगवान रेल्वेने तिथे जायला दोनेक तास लागतात. गावात हिरवळीने झाकलेले मोठमोठे गोल उंचवटे दिसतात. टेकड्या वाटतात, पण त्या राजांच्या कबरी आहेत. जवळच ग्येरिम नावाची जुन्या झाडांची एक राई आहे. या राईत कोंबडा आरवला, झाडाला टांगलेली सोन्याची पेटी सापडली आणि तिच्यातून एक मूल निघालं, अशी दंतकथा आहे. त्या मुलापासून ग्योंगजूचं किम घराणं सुरू झालं म्हणतात. ही राई लक्षात ठेवा.

या सिल्लात ७०४ च्या सुमारास ह्येचो जन्मला. त्याचे आईवडील कोण, घर कसलं, काहीच नोंद नाही. कोवळ्या वयात तो बौद्ध भिक्षू झाला आणि शिकण्यासाठी समुद्र ओलांडून चीनला गेला. तिथे दक्षिणेतल्या ग्वांगझौ बंदरात त्याला गुरू भेटला तो आपल्याकडचा, वज्रबोधी नावाचा भारतीय आचार्य. हा नुकताच जहाजाने तिकडे पोचला होता. गुरूने शिष्याला सांगितलं, की जा, ज्या भूमीतून हे ज्ञान आलं ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून ये. ७२३ च्या आसपास ह्येचो निघाला. वय साधारण एकोणीस. म्हणजे तुमच्यातले कित्येक जण सेकंड इयरला असतात, त्या वयाचा.

जहाजाने तो पूर्व भारतात उतरला आणि मग पायी हिंडला. कुशीनगर, वाराणसी, मगध, बोधगया, पुढे कनौज. ही झाली तीर्थयात्रा, ती इतरही भिक्षूंनी केली होती. शंभरेक वर्षं आधी ह्युएन त्संग येऊन गेला होता आणि त्याच्या ग्रंथापुढे ह्येचोची वही अगदीच बारकी आहे. पण मला ह्येचो जास्त आवडतो. कारण हा पोरगा लोकांच्या चुलीकडे बघतो.

भारतात लोक काय खातात, हे त्याने नेमकं टिपलंय: भात, भाजलेल्या पिठाचे पदार्थ, म्हणजे आपल्या सातूसारखं काही, भाकऱ्या, तूप, दूध, दही. मीठ आहे. शिजवायला मातीची भांडी, लोखंडी कढया नाहीत. गाई जवळपास सगळ्या पांढऱ्या, दहा हजारांत एखादी तांबडी किंवा काळी. लोक बाकी जनावरं फारशी पाळत नाहीत, पण गाईवर जीव, कारण दूध-दही-तूप तिच्यापासून. बाजारात मांस विकणारं दुकान त्याला दिसलं नाही. श्रीमंताच्या अंगावर कापडाची जोडी, साध्या माणसाच्या अंगावर एकच, गरिबाला अर्धा तुकडा. गरीब पुष्कळ आणि श्रीमंत थोडे, हेही त्याने सरळ लिहून टाकलंय. राजाच्या न्यायसभेचं वर्णन तर वाचण्यासारखं आहे: लोक राजाभोवती गोल करून बसतात, भांडतात, प्रचंड गलका होतो, राजा न चिडता ऐकून घेतो आणि शेवटी तू बरोबर, तू चूक, एवढं सांगतो की विषय संपला. आपल्या ग्रामसभेत एवढं जमलं तरी पुरे!

या खाण्याच्या यादीत एक छोटी नोंद आहे. इथे मीठ आहे, पण ‘जांग’ नाही, असं तो लिहितो. जांग म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं चाटण. हे वाक्य कोरियन माणसाच्याच हातून उतरावं. सोयाबीन उकडून कुटायचं, त्याचे ठोकळे करून भाताच्या पेंढ्याने बांधून टांगायचे, ते नीट आंबले की मिठाच्या पाण्यात मातीच्या रांजणात मुरवायचे. वर येणारं पाणी म्हणजे सोया सॉस, खाली राहतं ते ‘द्वेनजांग’. सिल्लाचा राजा सिनमुन याने ६८३ मध्ये लग्नाच्या वेळी नवरीकडे पाठवलेल्या १३५ गाड्या सामानात तांदूळ, मद्य, तेल, मध यांच्यासोबत जांगही होतं, अशी कोरियाच्या जुन्या इतिहासग्रंथात नोंद आहे. म्हणजे ह्येचोच्या आधीपासून हा पदार्थ तिथे मानाचा. परक्या देशात ताटावर बसल्यावर काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी जाणवतं. पुण्याच्या मेसमध्ये पहिल्या आठवड्यात ठेचा आठवलेल्या कोणालाही हे पटेल.

ठेच्यावरून आठवलं. ह्येचोच्या घरी जे काही लोणच्यासारखं खारवलेलं असेल ते लाल नव्हतं. मिरची मूळची अमेरिकेची, कोरियात ती पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांच्या मागून आली. आज आपण ज्याला अस्सल कोरियन आणि अस्सल वऱ्हाडी तिखट म्हणतो, ते दोन्हीकडे पाहुणंच. कोरियन स्वयंपाकाचा जुना पाया बघायचा तर तिखटापेक्षा जांग बघावं लागतं, आणि त्यासाठी सोलच्या बाहेर पडावं लागतं. उत्तर जोल्ला प्रांतातलं सुनचांग हे गाव तर ‘गोचुजांग’साठीच प्रसिद्ध आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जांग बनवण्याच्या परंपरेला युनेस्कोने मानवतेच्या वारशाच्या यादीत घेतलं.

गंमत बघा. जिथे जांग नाही असं ह्येचोने लिहिलं, त्याच देशातल्या वऱ्हाडात आज पावसाळ्यात जिकडेतिकडे सोयाबीन दिसतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत ते इथल्या शेतात पसरलं. तुमच्या घरी सोयाबीनचा भाव हा जेवतानाचा विषय असेल. पण ताटात? तेल, झालंच तर वड्या. बाकी सगळं मिलमध्ये आणि पेंडीत. पीक आलं, पण ते मुरवून खायची पद्धत काही सोबत आली नाही.

कनौजकडून ह्येचो दक्षिणेला वळला. तीन महिन्यांहून जास्त चालून तो दक्षिणेच्या राजाच्या मुक्कामी पोचला. तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांची सत्ता होती आणि गादीवर विजयादित्य होता. ह्येचो लिहितो, की राजाकडे आठशे हत्ती आहेत, राज्य तिन्ही बाजूंनी समुद्राला भिडलंय, हवा मध्य देशापेक्षा गरम, खाणंपिणं सारखंच, बोली मात्र थोडी वेगळी. (ही वेगळी बोली म्हणजे बहुधा आपल्या मराठीची आजी-पणजी असणार, किंवा कन्नडची. त्याने नाव दिलेलं नाही.) इथे काय पिकतं-बनतं या यादीत पहिलं नाव आहे सुती कापडाचं. मग हत्ती, म्हशी, गाई. रेशीम अख्ख्या देशात नाही म्हणतो. हे त्याला नवल होतं, कारण त्याच्या देशात श्रीमंत रेशीम नेसत आणि गरीब ताग. कापसाची शेती कोरियात रुजली ती १३६३ मध्ये मुन इक-जोम नावाच्या अधिकाऱ्याने चीनहून बी आणल्यानंतर, तीही दक्षिणेकडच्या सानचोंग गावात.

याच पानावर वऱ्हाडी माणसाला मात्र ठेच लागते. इथे भातशेती आहे, पण वरी-राळ्यासारखं भरड धान्य नाही, असं ह्येचो लिहितो. ज्वारीचं तर नावच नाही. दख्खनच्या जुन्या वस्त्यांच्या उत्खननात भरड धान्याचे जळके दाणे सापडलेत, ते ह्येचोच्या कितीतरी शतकं आधीचे. मग याला दिसलं कसं नाही? मला वाटतं, उत्तर त्याच्याच वाक्यात आहे. तो पोचला होता राजाच्या मुक्कामी. राजाच्या आणि विहाराच्या पंगतीत भात वाढला जात असणार. कोरडवाहू शिवारातली भाकर त्या पंगतीत आली नाही आणि म्हणून वहीतही आली नाही. एवढा चुलीकडे बघणारा पोरगा, पण राजधानीने त्यालाही चकवलं.

त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? वऱ्हाडात राष्ट्रकूटांची एक शाखा राज्य करत होती. तिच्यातल्या नन्नराजाचा ताम्रपट अकोला जिल्ह्यातल्या सांगळूदला मिळाला. तो शके ६१५ चा, म्हणजे इसवी सन ६९३ चा. दुसरा मुलताईला मिळाला, शके ६३१ चा. तिवरखेडचा ताम्रपट तर अचलपुराहून दिलेला आहे. म्हणजे ह्येचो दख्खनेत फिरत होता तेव्हा अचलपूर चांगलं नांदतं गाव होतं. तो तिथे आला, असं मी म्हणणार नाही. त्याच्या वहीत वऱ्हाड नाही.

एक धागा मात्र जुळतो. डोंगरात एक मोठा विहार होता, असं तो सांगतो. खडक कोरून केलेले खांब, तीन मजले, तीनशेहून अधिक पावलांचा घेर. नागार्जुनाने तो यक्षांकडून बांधून घेतला अशी समजूत होती. पूर्वी तिथे तीन हजार भिक्षू जेवत आणि काढलेला तांदूळ पुन्हा भरून येई, म्हणून कोठार कधी रितं होत नसे. ह्येचो पोचला तेव्हा विहार ओस होता, एकही भिक्षू नव्हता. हा नागार्जुन विदर्भात जन्मला, असं तिबेटी परंपरा मानते.

दक्षिणेच्या याच वाटेवर एका चांदण्या रात्री त्याला घराची आठवण आली आणि त्याने कविता लिहिली. तिच्यात ग्येरिमचं नाव आहे, मघाशी सांगितलेल्या त्या राईचं. हे नाव अख्ख्या सिल्ला देशालाही वापरत. विशीतला एकटा पोरगा, आजूबाजूची भाषा कळत नाही, घरी निरोप पाठवायला कोणी नाही. त्याच्या वहीत अशा पाच कविता आहेत. एक उत्तरेतल्या एका विहारात लिहिलेली आहे. तिथे एक चिनी भिक्षू शिक्षण संपवून घरी निघायच्या बेतात होता आणि आजारी पडून वारला. ह्येचोने त्याला कधी पाहिलंही नव्हतं, नुसतं ऐकलं आणि त्याला रडू आलं.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगतो. पश्चिम भारतात अरबांच्या स्वाऱ्या चालू होत्या, त्या त्याने नोंदवल्या. मग जालंधर, काश्मीर, गांधार, बामियान. इराण-अरबस्तानाबद्दलही त्याने लिहिलंय. मग पामीरचं बर्फ ओलांडून ७२७ च्या अखेरीस तो कुचाला, म्हणजे चीनच्या पश्चिम ठाण्यावर पोचला. चार वर्षांत एवढं अंतर.

इथून तो घरी गेला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही गेला. राजधानी चांगआनमध्ये तो पुन्हा वज्रबोधीपाशी शिकला आणि भाषांतराच्या कामाला लागला. गुरू ७४१ मध्ये गेला. मग गुरुबंधू अमोघवज्र याच्या हाताखाली त्याने पुढची तीस वर्षं काढली. ७७४ मध्ये अमोघवज्राने मृत्यूपूर्वी ज्या सहा शिष्यांची नावं घेतली, त्यांत सिल्लाचा ह्येचो होता. त्याच सुमारास पाऊस ओढला तेव्हा सम्राटाने प्रार्थनेसाठी त्याला पाठवलं होतं. ७८० मध्ये, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, तो वुताई डोंगरावर एक जुनं हस्तलिखित नकलून काढत होता. त्यानंतर त्याची खबर नाही. सिल्ला त्याने पुन्हा पाहिलं नाही. दरम्यान ग्योंगजूत बुलगुक्साचं देखणं मंदिर आणि सोक्कुरामची दगडी गुहा उभी राहिली. आज पर्यटक तीच बघायला जातात. ह्येचोने दोन्ही पाहिली नाहीत.

आणि वही? ती हरवली. तिचं नाव फक्त एका जुन्या चिनी शब्दकोशात उरलं होतं. १९०८ मध्ये फ्रेंच अभ्यासक पॉल पेलियो दुनह्वांगच्या गुहेत मेणबत्तीच्या उजेडात हजारो कागदांच्या गुंडाळ्या चाळत बसला होता. त्यांत एक साडेतीन मीटरांची गुंडाळी मिळाली, सुरुवात फाटलेली, शेवट गेलेला, लेखकाचं नाव नाही. शब्दकोशातल्या शब्दांशी ताडून त्याने ती ओळखली. हा लेखक सिल्लाचा होता, हे १९१५ मध्ये जपानी पंडित ताकाकुसू यांनी दाखवून दिलं. गुंडाळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली, आजही तिथेच आहे.

डिसेंबर २०१० मध्ये ती उसनी म्हणून पहिल्यांदा कोरियात आली. सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात काही महिने काचेआड होती, थोडासाच भाग उलगडलेला. मग परत पॅरिसला गेली. ग्येरिमची राई तिथून साडेतीनशे किलोमीटर लांब आहे.